दारातून परत पाठवलेले पंतोजी

मी चाळीस वर्षं सरकारच्या फडावर कारकुनी केली. माझं अक्षर चांगलं होतं. हे मीच सांगतो, कारण सांगणारे आता फारसे उरले नाहीत. किल्लेदारांना, मामलेदारांना, रुसून बसलेल्या सरदारांना गेलेली किती पत्रं माझ्या हातची असतील याची मोजदाद नाही. पण सगळ्यांत चांगला उतरलेला कागद मी माझ्या स्वतःच्या घरासाठी लिहिला. एक खाडाखोड नाही, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्या कागदापायी माझा धाकटा भाऊ घरातून गेला. तसला कागद करू नकोस असं मला एका माणसानं वेळेवर सांगितलं होतं, आणि मी त्यांना माझ्या दारातून परत पाठवलं होतं.

ते आमचे पंतोजी. कसब्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात त्यांची शाळा भरायची. मी आणि माझा भाऊ, दोघंही त्यांच्यापुढे धूळपाटी घेऊन बसलो, मोडी शिकलो, पाढे घोकले. त्यांच्याजवळ छडी होती, पण ती ते बहुधा स्वतःची पाठ खाजवायला वापरत. अंगावर एकच उपरणं, त्यालाही दोन ठिगळं. त्यांनी कधी कुणाला कानमंत्र दिला नाही, कुणाला शिष्य म्हटलं नाही. विद्वानांच्या सभेत त्यांना बोलावणं नसायचं, आणि त्यांनाही त्याचं सुखदुःख नव्हतं.

वडील गेले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, भाऊ अकराचा. आई त्याआधीच गेलेली. तेरा दिवस पंतोजी रोज सकाळी येऊन आमच्याजवळ बसत. आत्मा अमर आहे वगैरे एक अक्षर त्यांनी काढलं नाही. त्या बाबतीत सांगणारे इतर पुष्कळ होते. चौदाव्या दिवशी म्हणाले, “उद्यापासून फडावर जायला लाग, मी बोलून ठेवलं आहे. आणि याला माझ्याकडे पाठवत जा, एकटा घरात ठेवू नकोस.” पुढे माझा पहिला मुलगा देवीच्या आजारात गेला, तेव्हा माझी बायको अन्नाला शिवेना. पंतोजी रोज तिसऱ्या प्रहरी यायला लागले. पोथीचा एक अध्याय वाचायचे, पोथी बांधायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. ते येणार म्हणून ती अंघोळ करू लागली, आणि अंघोळ झाली की दोन घास पोटात ढकलू लागली. महिन्याभरानं ती माणसात आली. तेव्हा पंतोजी यायचे थांबले, आणि आम्ही त्याबद्दल त्यांना साधा शब्दही बोललो नाही.

एवढं पदरात पडूनही मला वाटायचं की आपल्याला गुरू नाही. पुण्यात तेव्हा चांगली शालजोडी असावी तसा प्रत्येकाला एक गुरू असे. फडावर मोकळा वेळ मिळाला की ज्याच्या त्याच्या तोंडी आपल्या स्वामींच्या गोष्टी. कुणाचे स्वामी पाण्यावर बसत, कुणाचे वाऱ्यावर जगत. माझ्या शेजारी बसणारा कारकून एकदा सगळ्यांदेखत मला “निगुरा” म्हणाला. मी हसलो, पण ते लागलं. त्याचे गुरू मोठे म्हणून तो मोठा, आणि माझा मात्र एक ठिगळवाला पंतोजी. मी त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

भाऊ माझ्यासारखा नव्हता. त्याला बसून राहणं जमत नसे. त्याची बायको लहानपणीच साथीत गेली. दुसरं लग्न कर म्हणून मी मागे लागलो तशी त्यानं एका सरदाराच्या पथकात कारकुनी धरली आणि उत्तरेच्या स्वारीवर निघून गेला. पहिलं वर्ष पत्रं आली. मग ती थांबली. पथक परत आलं, त्यात तो नव्हता. कुणी म्हणे तापानं गेला, कुणी म्हणे वाटेत मागे राहिला. पाच वर्षं आम्ही ना त्याला जिवंत म्हणू शकलो, ना त्याचं काही केलं.

आणि एके दिवशी भर दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. मी नुकता पानावर बसत होतो. तो वाळला होता, कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, पण हसणं तेच. बायको “भावोजी!” म्हणून ओरडली आणि रडायलाच लागली. तिनं लगबगीनं माझ्या शेजारी पाट मांडला. तो आत आला नाही.

“वहिनी, मला इथे पडवीतच वाढा,” तो म्हणाला. “प्रवासाचा मळ आहे अंगावर.”

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावरही तो पडवीतच जेवला. पत्रावळ स्वतः उचलली, जागेला स्वतः शेण लावलं. पाणी वरून ओंजळीत घेतलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुठेच्या घाटावर धोतरं पिळता पिळता त्यानं मला सगळं सांगितलं. पथक कूच करून गेलं तेव्हा तो तापानं बेशुद्ध होता. एका मुसलमान विणकराच्या घरच्यांनी त्याला उचलून नेलं. त्या विणकराच्या म्हाताऱ्या आईनं त्याला पळीपळीनं पेज पाजली. शुद्धीवर आला तेव्हा बावीस दिवस उलटले होते. पुढे पायात बळ नव्हतं, वाटा बंद होत्या, आणि मग तो तिथेच राहिला. त्यांचं लिहिण्याचं काम बघायचा, त्यांच्या पोरांना आकडे शिकवायचा. त्यांच्याच चुलीवरचं खायचा.

“हे कुणालाच ठाऊक नाही,” तो म्हणाला. “मी सांगितलं नसतं तर तुलाही कळलं नसतं. पण तुला न सांगता तुझ्या शेजारी पाटावर बसायचं मला जमेना, दादा. आता तू सांगशील तसं.”

आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते. तो कुठल्या शास्त्र्याकडे गेला नव्हता, स्वामीकडे गेला नव्हता. माझ्याकडे आला होता.

मी घाबरलो. घाबरण्याला कारण होतं. माझी मुलगी आठ वर्षांची होती आणि मांजरी गावच्या एका चांगल्या घरी तिचं जमत आलं होतं. घरात बाटलेला माणूस ठेवला असं कुणी म्हणालं की ग्रामण्य उभं राहणार, म्हणजे आमच्या घरचं पाणी बंद, भटजी बंद, पंगत बंद. मांजरीकर दुसऱ्या दिवशी आमची ओळखसुद्धा दाखवणार नाहीत. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही आणि तिसऱ्या दिवशी पंतोजींकडे गेलो. पाय आपोआप तिकडेच वळले, हे मी कबूल करतो.

ते शाळा सुटल्यावर मंडप झाडत होते. मी खांबाआड उभा राहून हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी केरसुणी ठेवली आणि विचारलं, “अन्न जातं का त्याला नीट?”

मी म्हटलं, “पंतोजी, तो जेवतो किती हा प्रश्न नाही. तो जेवतो कुठे हा आहे.”

“तेही खरं,” ते म्हणाले. मग बोटांवर तिथी मोजून म्हणाले, “परवा द्वादशी. एकादशीचा उपास मी तुझ्याकडे सोडीन. सकाळी लवकर येतो. पान त्याच्या शेजारी मांड माझं.”

मला क्षणभर कळेना. मग कळलं. पंतोजी स्नानसंध्येला चुकणारे नव्हते, त्यांच्या सोवळ्याबद्दल आळीत कुणी शंका घेत नसे. असा माणूस ज्याच्या शेजारी बसून जेवला त्याला पडवीत का बसवता, असं विचारायला कुणाला तोंडच उरलं नसतं. आणि पुढेमागे गोष्ट फुटली तर पहिला दगड पंतोजींवर पडणार होता.

“पण प्रायश्चित्त?” मी म्हटलं. “कुणा जाणत्याला विचारायला नको?”

“तू कुणाला विचारलंस तर त्याला उत्तर द्यावं लागेल,” पंतोजी म्हणाले. “आणि उत्तर देणारा पहिल्यांदा स्वतःला सांभाळणार. त्याचा काय दोष? आत्ता हे तीन माणसांत आहे. तीन माणसांतच जेवून संपवू. तुझ्या मनाला फारच टोचलं तर मी त्याला नदीवर नेऊन पंचगव्य देईन. कागदबिगद काही करू नकोस. तुला कागदाची फार सवय आहे.”

मी “हो” म्हणून घरी आलो. बायकोला सांगितलं. ती एकदम हलकी झाली, म्हणाली, “अहो, मग मी अळूची भाजी करते, भावोजींना आवडते.” त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती.

मी मात्र तळमळत होतो. पंतोजींचं म्हणणं फारच सोपं होतं, आणि इतक्या मोठ्या संकटाला इतका सोपा उपाय असेल यावर माझा विश्वास बसेना. शिवाय ते कोण? मुलांना बाराखडी शिकवणारे. उद्या मुलीच्या सासरचं कुणी विचारलं की निर्णय कुणी दिला, तर काय सांगू? धूळपाटीवाल्यांनी? त्याच सुमारास वाघोलीच्या वाटेवर एका आमराईत एक मोठे स्वामी उतरले होते. त्यांच्या दर्शनाला पालख्या लागत. फडावर दुसरा विषयच नव्हता. एकादशीला माझ्या शेजारचा कारकून म्हणाला, “संसारात काही अडलं असेल तर जाऊन या. सुधारता येईल तितकं सुधारतात ते.” मी त्याला काही सांगितलं नव्हतं. पण मला वाटलं, हा दैवी संकेतच. माणसाला जे करायचं असतं त्याचे संकेत त्याला कुठेही मिळतात.

द्वादशीला उजाडता उजाडता पंतोजी आले. अंगावर ओलं सोवळं, हातात स्वतःचा तांब्या, पायांत काही नाही. वाटेत कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून भल्या पहाटे निघालेले असणार. आतून अळूचा वास येत होता. बायकोनं तीन पाट मांडून रांगोळी काढली होती. भाऊ पडवीतून उठून उभा राहिला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी नीट पाहिलं आणि तरीही मी पुढे होऊन पायरीवरच पंतोजींना अडवलं.

“आज राहू द्या,” मी म्हटलं. “स्वामींची आज्ञा घ्यावी म्हणतो. मग रीतसर बोलावतो.”

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. भावाला म्हणाले, “बरा आहेस ना रे?” तो म्हणाला, “बरा आहे, पंतोजी.” मग मला म्हणाले, “बरं. बोलावशील तेव्हा येईन.” आणि तसेच ओलेत्यानं परत गेले. उपाशी माणूस, आदल्या दिवसाचा निर्जळी उपास, त्याला मी घोटभर पाण्यालाही विचारलं नाही. बायकोनं त्या दिवशी मला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. तीन पाटांपैकी दोन तिनं उचलून भिंतीला लावून ठेवले. भाऊ पडवीत जेवला.

आता त्या कागदाचं सांगतो. आमराईत गेलो तर कळलं, स्वामींचं मौन आहे. प्रश्न लिहून द्यायचा, शिष्य तो पुढे ठेवणार, स्वामी उत्तर देणार. मला मनातून बरंच वाटलं. तोंडानं सांगायचं असतं तर मी अडखळलो असतो, पण लिहायचं म्हणजे माझं घरचं काम. चांगला जुन्नरी कागद घेतला, नवा बोरू कापला. कोण, कुठला, कोणत्या गावी, कोणाच्या घरी, किती वर्षं, काय काय खाल्लं, कुणाच्या हातचं, सगळं क्रमवार मांडलं. स्वामींपुढे काही लपवू नये असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर कागद इतका सुरेख उतरत चालला होता की मला थांबवेना. वाळू टाकून शाई टिपली, दोनदा वाचून काढला. भावानं घाटावर ओलं धोतर पिळताना माझ्याजवळ काढलेला शब्द न् शब्द मी त्यात बसवला.

तीन खेपा घातल्या तेव्हा दर्शन झालं. शिष्यानं माझा कागद मोठ्यानं वाचला. होय, मोठ्यानं. भोवती पन्नासएक माणसं बसलेली, त्यांत आमच्या आळीतली निदान चार. वाचून झाल्यावर एक गृहस्थ मागे वळून मला म्हणाला, “काय सुंदर लिहिलंत हो!” स्वामींनी डोळे मिटले, उघडले, पुढ्यातल्या धूळपाटीवर बोटानं काही लिहिलं. शिष्यानं सांगितलं, “शास्त्राप्रमाणे करावे.” स्वामींनी पाटी हलवली, धूळ सारखी झाली, आणि पुढचा माणूस सरकला.

स्वामींना मी दोष देत नाही. दिवसाकाठी शंभर कागद त्यांच्यापुढे येत होते. त्यांनी माझ्या भावाला पाहिलं नव्हतं, त्याचं हसणं पाहिलं नव्हतं. मी त्यांना एक प्रकरण दिलं, त्यांनी प्रकरणाला उत्तर दिलं.

पण गोष्ट आता तीन माणसांची राहिली नाही. कागदाची नक्कल झाली, नक्कल शास्त्रीमंडळींकडे गेली. आठ दिवसांत आमच्याकडे पाणी भरणारा यायचा थांबला. बायका आमच्या दारावरून जाताना पदर सावरून जाऊ लागल्या. मांजरीकरांचा निरोप आला की तूर्त बोलणं थांबवावं. मग निर्णय आला. निर्णय तसा कठोर नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. भावानं एक वर्ष तीर्थाच्या ठिकाणी राहून प्रायश्चित्त करावं, शुद्धिपत्र घेऊन यावं, मग पंक्तीला घ्यावं. तोवर घरात राहू नये. मी आणि बायकोनं तीन दिवसांचं व्रत करावं. आणि जाण्यापूर्वी भावानं कतबा, म्हणजे लेखी कबुली द्यावी, की अमुक घरचं अन्न मी अज्ञानानं आणि नाइलाजानं खाल्लं, ते पाप झालं, त्याचा मला पश्चात्ताप आहे.

कतबा लिहायचं काम अर्थात माझ्याकडे. मी लिहिला आणि पडवीत त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं सावकाश वाचला. म्हणाला, “वर्षभर राहीन, दादा. शेण खा म्हणाले तर खाईन. हे एवढं लिहून देणार नाही.”

“एक ओळ तर आहे!” मी म्हटलं.

“त्या म्हातारीनं बावीस दिवस माझ्या तोंडात पेज घातली. स्वतःच्या नातवाला कमी पडली तरी घातली. ते पाप होतं असं माझ्या हातानं लिहून देऊ? पहिले बावीस दिवस नाइलाज होता म्हणशील. नंतर मी मागून खाल्लं आहे. भूक लागली म्हणून खाल्लं, आणि त्यांनी प्रेमानं वाढलं म्हणून खाल्लं.”

मी चिडलो. मुलीचं लग्न, घराची अब्रू, सगळं त्याला ऐकवलं. तो म्हणाला, “तू माझ्या जागी असतास तर सही केली असतीस?”

“केली असती,” मी म्हटलं.

“हो, तू केली असतीस,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आजवर त्यालाच धरून बसलो असतो आणि सुखी झालो असतो.

सकाळी उठलो तर पडवी सारवलेली होती आणि तो नव्हता. घोंगडी घडी करून ठेवलेली. बायको म्हणाली, “अहो, जा ना, लांब गेले नसतील.” मी अंघोळ केली, पागोटं चढवलं आणि फडावर गेलो. वाटलं, डोकं शांत झालं की येईल परत. आणि खोटं कशाला सांगू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

आम्ही व्रत केलं, आम्हाला पंक्तीला घेतलं, मांजरीकरांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, मुलीचं लग्न झालं. सगळं ठीक झालं. दरम्यान आळीत एक बातमी उठली, की पंतोजी कुणा पंक्तिबाह्य माणसाला स्वतःच्या घरात शेजारी बसवून जेवले, विचारायला गेलेल्यांना “हो, जेवलो” म्हणाले आणि प्रायश्चित्त घ्यायला नकार दिला. माणूस कोण ते त्यांनी सांगितलं नाही. हळूहळू लोकांनी मुलं काढून घेतली. सभामंडप रिकामा पडला. वडिलांच्या श्राद्धाला आमच्याकडे दरवर्षी पंतोजींचं पान असे. त्या वर्षी मी दुसरा ब्राह्मण सांगितला. नुकताच पंक्तीत आलो होतो, भीती होती. माणूस कोण असेल, हा विचार मी मनात येऊच दिला नाही. घाटावर कधी भेटले तर ते विचारत, “मुलगी सुखात आहे ना?” मी “आहे” म्हणून ओला पंचा खांद्यावर टाकून निघून जायचो. पुढे ते पुणं सोडून धायरीला, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, माहेरच्या शेतातल्या खोपटात राहायला गेल्याचं कळलं.

बारा वर्षांनी माझी बायको गेली. भेटायला माणसं खूप आली. शेजारचा कारकून आला, त्याच्या गुरूंचा अंगारा घेऊन आला. प्रत्येकानं मला संसार कसा नश्वर आहे ते समजावलं. मला कुणीतरी नुसतं शेजारी बसायला हवं होतं. पोथीचा एक अध्याय वाचून, पाणी पिऊन निघून जाणारं. तेराव्यानंतर एका सकाळी मी धायरीची वाट धरली. त्या वाटेवर पहिल्यांदा मला कळलं की मी जन्मभर ज्याला शोधत होतो तो माणूस मला मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून ठाऊक होता. उशिरा कळलेल्या गोष्टीचा उपयोग काय ते ज्याचं त्यानं बघावं.

पंतोजी अंगणात बाजेवर होते. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, नजरही गेली होती. काकूंनी त्यांच्या तळहातावर बोटानं माझं नाव लिहिलं. त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. मी खूप वेळ रडलो. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून मोकळेपणानं रडलो.

जरा सावरल्यावर मी काकूंना म्हटलं, “मी तुमच्याशी वाईट वागलो. ज्या कुणासाठी त्यांनी एवढं सोसलं, त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही.”

काकू म्हणाल्या, “तुला ठाऊक नव्हतं? अरे, तुझाच भाऊ होता तो.”

मला वाटतं, मला ठाऊक होतं.

“घरातून निघाला तो सरळ आमच्याकडे आला,” काकू सांगू लागल्या. “पाया पडला, म्हणाला, परत तिकडेच जातो. हे म्हणाले, जेवल्याशिवाय जायचं नाही. मी दोन पानं मांडायला घेतली तर तो म्हणाला, काकू, तीन मांडा. दादाला मी गेल्याचं कळलं की तो शोधायला निघेल, आणि पहिल्यांदा इथेच येईल. त्याला दुसरी जागा ठाऊक नाही. म्हणून मी तीन पानं मांडली. मध्ये तो, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तुझं. भात वाढून दोघं हात जोडून बसले. दाराकडे तोंड करून. ऊन अंगणातून ओट्यावर आलं तरी बसलेलेच. शेवटी हेच म्हणाले, सुरू कर बाळा, तो कामात असेल. तुझं पान मी मग गाईला घातलं.”

त्या दिवशी मी फडावर होतो. काम फारसं नव्हतं.